कॉफीच्या गाळणकागदाची इतर कामं

१९०८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळी भांड्याला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टीपकागद बसवला आणि कॉफी गाळली. आजच्या फिल्टर पेपरची ही सुरुवात. आपल्या स्टीलच्या फिल्टरला तो लागत नाही, पण पोअर-ओव्हर कॉफीची आवड असलेल्या घरांत त्याचं पाकीट असतं.

पाणी सोडायचं, कण अडवायचे आणि भिजूनही सहज फाटायचं नाही, हे त्याचे गुण. म्हणून कुंडीच्या भोकावर तो आवर्जून अंथरावा. पाणी निथळतं, माती राहते. नॉनस्टिक तवे एकावर एक ठेवताना मध्ये घातला, तर लेप खरवडत नाही. वापरलेला कागद चोथ्यासकट कंपोस्टमध्ये जातो.

मुलांना मात्र एक प्रयोग जरूर दाखवा. कोऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने ठसठशीत गोल काढा आणि मधोमध थेंब-थेंब पाणी सोडा. शाईतले रंग पाण्याबरोबर कमीजास्त वेगाने सरकतात आणि काळ्यातून निळे-जांभळे पट्टे उलगडतात. हीच क्रोमॅटोग्राफी! बॉलपेन मात्र नको, त्याची तेलकट शाई पाण्याने हलत नाही.