कॅमेरा की मोबाईल?

गॅदरिंग जवळ आलं की शॉर्ट फिल्मवाल्यांची एकच रड, "आपल्याकडे मिररलेस नाही रे!" पण खरंच त्यावाचून अडतं का?

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. खरा फरक सेन्सरचा. चांगल्या मोबाईलचा मुख्य सेन्सर साधारण १० × ७.५ मिमी, तर एपीएस-सी मिररलेसचा २३.५ × १५.६ मिमी. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास पाचपट, आणि तेवढा प्रकाशही जास्त. म्हणूनच रात्री होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मोबाईलच्या चित्रात दाणे दिसतात आणि ते पुसण्याच्या नादात सॉफ्टवेअर चेहरे मेणासारखे करून टाकतं. गेल्या वर्षी आमचा क्लायमॅक्स असाच वाया गेला.

भरपूर उजेडात मात्र हा फरक बराच कमी होतो. शॉन बेकरचा २०१५ चा 'टँजरिन' हा अख्खा सिनेमा आयफोन ५एसवर जोड-लेन्स लावून शूट झाला होता. तेव्हा उसना मिररलेस मिळाला तर तो रात्रीच्या सीनला वापरा. नाहीतर सीन दिवसा घ्या, किंवा चेहऱ्यावर नीट दिवा मारा. उरलेल्या पैशांत माईक घ्या. अंधुक चित्र पब्लिक एक वेळ चालवून घेईल, पण संवाद ऐकू आले नाहीत तर मागच्या बाकांवरून शिट्ट्या ठरलेल्याच!