नकलेची रुजवात

देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यात खंदकापलीकडे डोंगराच्या पोटातून कोरून काढलेला जो वळणावळणांचा चढता मार्ग आहे आणि ज्याला सारेजण ‘अंधारी’ म्हणून ओळखतात, त्यात दहा-वीस पावले शिरताच भर माध्यान्हीचा सूर्यही मनुष्याच्या उपयोगाचा राहत नाही. शत्रूला दिङ्मूढ करण्यासाठीच हा अंधार तेथे जाणूनबुजून घडविलेला. म्हणून वाटाडे येथे टेंभा पेटवून प्रवाशांपुढे चालत. काही वर्षांमागे मी या अंधारीत दोन विजेऱ्या घेऊन गेलो. एक नामांकित बनावटीची, सुमारे चार हजार रुपयांची. दुसरी रंगरूपाने तिची जुळी बहीण शोभेल अशी, परंतु शहरातल्या एका दुकानात साडेतीनशे रुपयांस मिळालेली. दोन्ही एकदम पेटविल्या तेव्हा नक्कलच अधिक प्रखर भासली. दहा-बारा मिनिटांनी, पायऱ्यांच्या मधोमध, तिचा उजेड निम्म्याहून खाली आला. अस्सल विजेरी मात्र तेवत राहिली, पण हातात चांगलीच तापली. गिऱ्हाईक या दोन्ही गोष्टींचा, म्हणजे आरंभीच्या प्रखरतेचा आणि हाताला लागणाऱ्या उष्णतेचा, अर्थ बहुधा नेमका उलटा लावते.

अस्सल आणि नक्कल हे शब्द आपल्याकडे दफ्तराच्या वाटेने रूढ झाले, आणि दफ्तरात नक्कल हा शब्द मुळीच हलका नाही. तहसील कचेरीतून फेरफाराची वा सातबाऱ्याची नक्कल मिळते तेव्हा तिच्यावर नक्कल करणाराची सही असते, तशीच रुजवात घेणाराचीही असते. अस्सलाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिलेली ती नक्कल न्यायालयातही ग्राह्य धरली जाते. आमच्या शहराची ख्याती ज्या हिमरूने वाढविली ते वस्त्रसुद्धा किमखाबाचेच अनुकरण आहे: जरीच्या जागी सूत आणि रेशीम. त्याचे नावच ‘सारखे’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून पडले असे मानतात, म्हणजे सादृश्याची कबुली नावातच दिलेली. तेव्हा स्वस्त विजेरीने महागड्या विजेरीचे रूप घेतले, यावर माझी फिर्याद नाही. फिर्याद आहे ती तिच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर, ज्याची रुजवात कोणी घेतलेली नसते.

माझ्या त्या स्वस्त विजेरीच्या खोक्यावर ‘१०,००० ल्यूमेन’ असे लिहिले होते. ल्यूमेन हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचे परिमाण. जुन्या काळचा तारेचा शंभर वॅटचा दिवा साधारण तेराशे ल्यूमेन देई. म्हणजे असे सात-आठ दिवे एका मुठीत मावले आहेत, असा हा दावा झाला. आता जमाखर्च मांडून पाहू. आत एकच लिथियम सेल असतो, १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, म्हणून त्याला ‘१८६५०’ म्हणतात. या आकाराच्या चांगल्या सेलची धारणाशक्ती सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तास, विद्युत्दाब सरासरी ३.६ व्होल्ट, दोहोंचा गुणाकार केला की साडेबारा वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा हाती येते. विजेरीतील एलईडी जोराने चालविली असता दर वॅटमागे शंभर-सव्वाशे ल्यूमेन देते असे धरले, तर दहा हजारांसाठी ऐंशी ते शंभर वॅट लागतील, आणि सेल सात ते नऊ मिनिटांत रिता होईल. तेही त्याला इतका प्रवाह सुखरूप देता आला तर, आणि तो येत नाही. सेलवर ‘९,९०० मिलिअँपिअर-तास’ छापलेले आढळते, त्याचीही गत हीच आहे, कारण तेवढ्या घनफळात आजचे रसायन तेवढी ऊर्जा साठवू शकत नाही.

दूरवर पोहोचण्याचा आकडाही याच मापाने तपासता येतो. अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांसाठी ‘एफएल-१’ हे मानक ठरले. त्याप्रमाणे विजेरीचा पल्ला म्हणजे असे अंतर की जेथे उजेड पाव लक्स, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच, उरतो. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो, या नियमामुळे मीटरांतील पल्ला काढण्यासाठी झोताच्या तीव्रतेचे, कॅन्डेलातील आकड्याचे, वर्गमूळ काढून त्याची दुप्पट केली की पुरते. दहा हजार कॅन्डेला असतील तर दोनशे मीटर. एक किलोमीटरचा दावा करणाऱ्याने अडीच लाख कॅन्डेला दाखवावे लागतील. याच मानकाने ल्यूमेन मोजण्याची वेळही बांधून दिली आहे: विजेरी पेटविल्यावर तीस सेकंदांनंतर आणि दोन मिनिटांच्या आत. पहिल्या क्षणाचा भपका जमेस धरायचा नाही, हा त्यातील हेतू.

या भपक्याने अंधारीत मीही फसलो, कारण डोळा एकंदर प्रकाश मोजत नाही. मधल्या ठिपक्याची तेजस्विता पाहून तो निवाडा देऊन टाकतो. स्वस्त विजेरीचे तोंड पुढे ओढले की बहिर्गोल भिंग एलईडीच्या चौकोनी कणाची प्रतिमा भिंतीवर फेकते, आणि तो लखलखीत चौकोन पाहून गिऱ्हाईक खूश होते; पण कडेला गेलेला पुष्कळसा प्रकाश भिंगापर्यंत न पोहोचता नळीतच विरून जातो. पॅराबोलिक परावर्तक तोच कडेचा प्रकाश गोळा करून पुढे धाडतो. त्याचा ठिपका भिंतीवर तेवढा भेदक दिसला नाही, तरी पायांखालची पायरी आणि बाजूची भिंत दोन्ही त्याच्या उजेडात दिसतात.

आता उष्णतेकडे वळतो, कारण चार हजारांपैकी पुष्कळसे रुपये येथेच खर्ची पडलेले असतात. एलईडीला दिलेल्या विजेचा साधारण तिसरा हिस्सा प्रकाश होतो. उरलेल्याची उष्णता होते, आणि ती तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठ्या नसलेल्या जागेतून बाहेर काढावी लागते. काढली नाही तर कण तापतो, उजेड घटतो, आयुष्य खुंटते. म्हणून अस्सल विजेरीत एलईडी तांब्याच्या पत्र्यावर बसविलेली असते, तो पत्रा ॲल्युमिनियमच्या भरीव बैठकीवर घट्ट टेकलेला असतो, आणि ती बैठक बाहेरच्या अंगाशी एकजीव असते. उष्णतेला तळहातापर्यंत सरळ हमरस्ता मिळतो. नकलेत बहुधा पोकळ कड्यावर एक पातळ चकती टेकविलेली असते आणि खाली हवा, जी उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. मुठीला विजेरी गार लागते, आणि आत कण भाजत असतो. चांगल्या विजेरीत तर तापमान वाढले की प्रवाह आपोआप कमी करणारे मंडल असते. उजेड जरा उतरला म्हणून ती सदोष ठरवून परत करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि दर वेळी मला हळहळ वाटली आहे. सेल उतरू लागला तरी प्रवाह स्थिर राखण्याचे कामही याच मंडलाचे. नकलेत ते नसते, म्हणून सेलचा दाब घसरताच उजेडही घसरतो.

रंगाची गोष्ट याहून गंभीर आहे. शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत प्रखर निळी एलईडी सिद्ध केली, आणि निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. आजचा पांढरा प्रकाश म्हणजे हाच निळा प्रकाश, पिवळ्या प्रस्फुरकाच्या लेपातून गाळलेला. लेप स्वस्त आणि विरळ असला की प्रकाश निळसर होतो आणि त्यातला तांबडा अंश क्षीण राहतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला कृषिपंपाची वीज पाळीने रात्री मिळते, तेव्हा बांधावरून मोटारीपर्यंत तो याच उजेडात जातो. वाळक्या पाचोळ्यावर पडलेली घोणस मुळातच पाचोळ्याच्या रंगाची. तपकिरी आणि तांबूस छटांतील भेद पुसून टाकणारा उजेड त्या माणसाला काय दाखवील? त्याच्या बाबतीत काटकसरीचा सल्ला देणे मला पाप वाटते.

तरीही प्रत्येकाने चार हजार मोजावेत, असे माझे मत नाही. घरात वीज गेली असता देवघरापर्यंत जाण्यास शंभर ल्यूमेन पुष्कळ झाले, आणि शंभर ल्यूमेनला शंभरच म्हणणारी दोन-तीनशे रुपयांची विजेरी मी आनंदाने घेईन. मात्र रात्री-अपरात्री रानात, डोंगरात वा विहिरीच्या काठावर जावे लागणाऱ्याने तपशील छापणारी, प्रमाणित सेलची विजेरीच घ्यावी, मग ती मधल्या किमतीची का असेना. आणि दहा हजारांचा आकडा दिसला की खोके परत ठेवावे. लिथियम सेलवर भारतीय मानक ब्यूरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असणे आपल्याकडे बंधनकारक आहे. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये तो घालून खातरजमा करता येते.

माझ्या त्या स्वस्त विजेरीतला सेल मी पुढे सराफ्यातल्या एका परिचिताच्या काट्यावर ठेवला. चांगला १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. हा भरला ३१.