टीव्हीवर सामना, मोबाइलवर मागचं पान

६ फेब्रुवारी २०२४. बेनोनीत एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाची उपांत्य लढत. दक्षिण आफ्रिकेच्या २४४ धावांचा पाठलाग करताना भारत ४ बाद ३२. पहिल्याच चेंडूवर सलामीवीर गेलेला, सोलापूरचा अर्शिन कुलकर्णीही तंबूत परतलेला. बीडचा सचिन धस खेळायला आला तेव्हा टीव्ही सांगत होता ते एवढंच: चार गेले, २१३ हव्यात.

हातात मोबाइल असलेल्याला आणखी काही कळू शकत होतं, पण ते त्या दिवशीच्या स्कोअरकार्डात नव्हतं. ते होतं २ फेब्रुवारीच्या, नेपाळविरुद्धच्या सामन्याच्या पानावर. तिथे भारत ३ बाद ६२ असताना धस आणि कर्णधार उदय सहारन एकत्र आले आणि त्यांनी २१५ धावांची भागी केली. धसच्या ११६. म्हणजे बेनोनीत खेळपट्टीवर उभ्या असलेल्या याच जोडीने चार दिवसांपूर्वी असलंच दुखणं निस्तरलं होतं. शिवाय साधा हिशेब मांडला, तर अडतीस षटकं हाताशी होती आणि षटकामागे साडेपाचच्या आसपास धावा लागत होत्या. गडी गेले होते, वेळ गेली नव्हती. पुढे दोघांनी १७१ जोडल्या. धसने ९५ चेंडूंत ९६ केल्या, सहारनने ८१. भारत दोन गडी आणि सात चेंडू राखून जिंकला.

टीव्हीच्या कोपऱ्यात धावसंख्या असतेच. तीच मोबाइलवर पुन्हा बघत बसणं म्हणजे नुसता अंगठ्याला व्यायाम. दुसरा पडदा घ्यायचा तो कॅमेरा दाखवत नाही ते विचारायला. हा गोलंदाज शेवटच्या षटकांत काय करतो, या मैदानावर याआधी किती धावांचा पाठलाग झाला, याच दोघांनी मागे काय केलं. सामन्याआधी दहा मिनिटं काढून अशी दोन-तीन पानं उघडून ठेवली, की ऐन वेळी शोधाशोध होत नाही.

जिंकण्याची टक्केवारी सांगणाऱ्या पट्ट्यांवर मात्र माझा फार जीव नाही. ही पद्धत टीव्हीवर रुजवण्यात ‘वास्प’ या प्रणालीचा मोठा वाटा. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठात स्कॉट ब्रूकर आणि शेमस होगन यांनी ती बांधली आणि २०१२ मध्ये ती तिथल्या प्रक्षेपणात दिसू लागली. तिचा पाया मागच्या सामन्यांची आकडेवारी: इतके चेंडू उरले, इतके गडी हातात, तर सरासरी संघ काय करील? समोर कोण उभा आहे, हे या गणिताला ठाऊक नसतं. त्यामुळे टक्केवारी बघावी, पण तिच्यावर विसंबून टीव्ही बंद करू नये. याच आकड्यांवर पैसे लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं? पैसे घेऊन खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तेव्हा तो विषय इथेच सोडलेला बरा.

खरी डोकेदुखी वेगळीच. तुमच्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावत येत असतो आणि शेजारच्या घरात चौकाराचा ओरडा होतो. डिशचं चित्र उपग्रहावरून थेट उतरतं. इंटरनेटच्या चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात, ते सर्व्हरवर चढतात, आणि नेट अडखळलं तरी चित्र थांबू नये म्हणून तुमचं अॅप दोन-चार तुकडे आधी साठवून मगच दाखवायला लागतं. यात अर्धं मिनिट सहज जातं. स्कोअरच्या अॅपवर तर चेंडूगणिक नुसती अक्षरं येतात, ती चित्राच्या पुढेच पळतात. म्हणून इंटरनेटवर सामना बघणाऱ्याने स्कोअरची नोटिफिकेशन बंद करावीत आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला तेवढ्यापुरतं मुकं करावं. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं. असं समालोचन मोबाइलवर आणि चित्र डिशवर हवं असेल, तर रेकॉर्डिंगच्या सेटटॉप बॉक्सवर चित्र थोडं थांबवून आवाजाशी जुळवता येतं. उलट आवाजच चित्राशी जुळवायला जाल तर जमणार नाही, मागे पडलेल्याला पुढे ओढता येत नाही.

अक्षरांच्या त्या अॅपला कमीही लेखू नका. बेनोनीचा सामना ऐन ऊसतोडीच्या हंगामातला. तेव्हा बीड जिल्ह्यातल्या कितीतरी टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर असतात, आणि तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, टीव्ही कुठला? चांगल्या दर्जाचं चित्र तासाला एक-दीड जीबी खाऊ शकतं. चेंडूगणिक वर्णनाला लागणारा डेटा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि रेंज एका काडीवर असली तरी ते येतं.

बीडच्याच आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची शर्यत बघताना तर दुसऱ्या पडद्यावाचून अर्धं कळतच नाही. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या. कॅमेरा बहुतेक वेळ पुढच्यांवर, आणि मधेच भालाफेक दाखवायला निघून जातो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२४ च्या रात्री साबळे आपल्या प्राथमिक शर्यतीत पाचवा आला. नुसतं चित्र बघणारा हळहळला असेल. नियमांचं पान उघडून बसलेल्याला माहीत होतं, की प्रत्येक शर्यतीतले पहिले पाच अंतिम फेरीत जातात. या प्रकारात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

अंतिम शर्यत आपल्याकडे मध्यरात्रीनंतर, सव्वाच्या सुमाराला. त्याआधी धावपटूंची यादी उघडावी. नावापुढे पीबी म्हणजे त्याची आजवरची सर्वोत्तम वेळ, एसबी म्हणजे त्या हंगामातली. साबळेच्या नावापुढे ८:०९.९१ होतं, महिन्याभरापूर्वी पॅरिसमध्येच केलेला राष्ट्रीय विक्रम. साबळे सुरुवातीला पुढे होता, मग मागे पडत अकराव्या जागी आला. टीव्हीने विजेता सुफियान एल बक्कालीचा आनंद दाखवला. निकालाच्या पानावर बक्कालीची वेळ ८:०६.०५ होती आणि खाली साबळेची ८:१४.१८, प्राथमिक शर्यतीपेक्षा सव्वा सेकंदाने चांगली.