बिनडोळ्यांचं रताळं

महाशिवरात्र जवळ आली की वसमतच्या बाजारात रताळी दिसायला लागतात. शेजारी औंढ्याला नागनाथाची जत्रा, घरोघरी उपास. उकडलेली रताळी, रताळ्याचा कीस, गुळातल्या फोडी, सगळं एका दिवसात फस्त! पण एखादं रताळं टोपलीच्या तळाशी हमखास राहून जातं. फाल्गुन संपताना त्याच्याकडे जरा बघा. एका टोकाला जांभळट कोंबांचा झुबका आलेला असतो. माती नाही, पाणी नाही, कुणी लावलेलंही नाही.

आई म्हणेल, "अरे, कोंब आलेत त्याला, टाकून दे." तिचंही बरोबर आहे, कारण तिच्या डोक्यात बटाटा असतो. कोंब फुटलेल्या, हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलॅनिन नावाचं विष वाढतं. रताळ्यात सोलॅनिनची भानगड नाही, कारण बटाटा आणि रताळं एका घरातले नाहीत. बटाटा वांग्या-टोमॅटोच्या घरातला. रताळं कुणाच्या घरातलं, ते पुढे सांगते. आधी ते रताळं टोपलीतून बाहेर काढून ठेवा.

आता वसमतच्या लेकरांना कंद लावून पीक घेण्याची नवलाई मी काय सांगावी? तुमच्याकडे ते शेतोशेती चालतं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे 'वसमत हळद' हे नाव आता ठरवून दिलेल्या भागाबाहेरच्या हळदीला लावता येत नाही. हळदीला सुंदर फुलं येतात, पण बी जवळजवळ धरतच नाही. तिच्या प्रत्येक पेशीत ६३ गुणसूत्रं असतात, २१-२१ चे तीन संच. बी तयार होताना गुणसूत्रांना जोड्या लावून अर्धी-अर्धी वाटणी करायची असते. तिघांच्या जोड्या कशा लावणार? म्हणून अक्षय तृतीयेच्या सुमारास शेतकरी बी पेरत नाहीत, जेठे गड्डे लावतात. वावरातली हळद त्या गड्ड्यांतूनच पुढे वाढत जाते.

एक गंमत बघा. मोंढ्यात विकायला आलेल्या हळदीच्या पोत्यातून एक हळकुंड घ्या आणि कुंडीत लावा. काही म्हणता काही उगवणार नाही! कारण विकायची हळद आधी शिजवतात, मग वाळवतात आणि पॉलिश करतात. शिजली की जीव गेला. बेण्यासाठी ठेवलेले गड्डे मात्र कच्चेच राखतात.

मग हळदीसारखाच रताळ्यालाही कोंब फुटतो, यात नवल ते काय?

नवल आहे, आणि ते पाहायला भिंग लागत नाही. बेण्याचा एक कच्चा गड्डा आणि एक रताळं शेजारी-शेजारी ठेवा. हळदीच्या गड्ड्यावर आडव्या कड्या दिसतील, उसाच्या कांड्यावर असतात तशा. त्या कड्यांपाशी छोटे डोळे असतात. कड्या आणि डोळे ही खोडाची खूण. हळद जमिनीखाली वाढते खरी, पण ती मूळ नाही, खोड आहे. बटाटाही खोडच, त्यालाही डोळे असतात. आता रताळं फिरवून बघा. कड्या नाहीत, डोळे नाहीत. उभ्या ओळींत बारीक खळगे आणि काही केसांसारखी मुळं, एवढंच. रताळं हे खरंखुरं मूळ आहे, अन्न साठवून फुगलेलं.

गाजर, मुळा हीसुद्धा फुगलेली मुळंच. पण गाजराचं वरचं टोक कापून टाकलं आणि उरलेलं मातीत पुरलं, तर पालवी येत नाही. रताळं मात्र तयार डोळा नसतानाही आपल्या सालीखालच्या पेशींतून नवे डोळे घडवतं आणि मग त्यांतून कोंब काढतं. मुळातून खोड! बहुतेक झाडांना हे जमत नाही.

खात्री करायची? एका रताळ्याचे आडवे तीन तुकडे करा. कापलेल्या बाजू एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या आणि तिन्ही तुकडे ओल्या वाळूत ठेवा. मधल्या तुकड्यालाही कोंब येतात. शिवाय प्रत्येक तुकडा वेलाकडची बाजू विसरत नाही. जी बाजू आधी वेलाच्या जवळ होती, तिकडूनच जास्त कोंब फुटतात. तुकडा उलटा ठेवला तरी तेच. ऑक्सिन नावाचं वाढीचं रसायन मुळात वेलाकडून शेपटाकडे वाहत असतं. ही दिशा पेशींमध्येच ठरलेली असते, तुम्ही तुकडा कसा ठेवलाय याची तिला पर्वा नाही.

आता लागवड. काचेच्या पेल्यात काड्या टोचून रताळं अर्धं पाण्यात लटकवण्याची पद्धत दिसायला छान आहे, पण मला ती फार रेंगाळणारी वाटते. त्यापेक्षा पसरट टोपलं घ्या, त्यात ओलसर वाळू भरा, रताळं आडवं ठेवा आणि निम्मं झाका. वरची बाजू कुठली हा प्रश्नच मग उरत नाही, कोंब आपली वाट शोधतात. रताळ्याला ऊब आवडते आणि चैत्रातल्या वसमतमध्ये उबेची कमतरता नाही. टोपलं फक्त सावलीत ठेवा आणि वाळू सुकू देऊ नका. पाणी साचलं तर मात्र रताळं सडतं.

कोंब वीतभर झाले की बुडाशी धरून हलकेच पिळून काढायचे. काहींना आधीच मुळं आलेली असतील. नसतील तर ते पाण्यात उभे करा, काही दिवसांत पांढरी मुळं सुटतात. पण वैशाखातल्या उन्हात ही नाजूक रोपं बाहेर लावलीत, तर संध्याकाळपर्यंत माना टाकतील. त्यांना सावलीत छोट्या कुंडीत सांभाळा आणि मृगाचा पाऊस पडला की बाहेर काढा.

लावायचं कुठे? खताचं रिकामं पोतं स्वच्छ धुऊन घ्या, खाली भोकं पाडा. आपली काळी माती कापसासाठी झकास, पण रताळ्याला ती अवघड जाते. भिजली की फुगते आणि चिकट होते, वाळली की आवळते. अशा मातीत रताळी वेडीवाकडी होतात. म्हणून मातीत भरपूर वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत मिसळा. थोडंच! खत जास्त झालं की वेल माजतो, पानंच पानं येतात आणि खाली बोटाएवढी रताळी. रोप लावताना तीन-चार पेरं मातीत आडवी गाडा, कारण मुळं पेरांतूनच सुटतात. सुरुवातीला सगळी मुळं बारीकच असतात. त्यातली काही पहिल्या महिना-दीड महिन्यात अन्न साठवायला लागतात आणि जाड होतात. वेल पसरला की जिथे टेकेल तिथे नवी मुळं धरतो आणि अन्न तिकडेही वाटलं जातं. म्हणून शेतकरी मधूनमधून वेल उचलून पलटवतात. तुम्हीही पलटवा.

दिवस लहान व्हायला लागले की एखादे वेळी वेलाला फूल येतं. नरसाळ्यासारखं, फिकट जांभळं, आत गडद. हे तर कुठेतरी पाहिलंय, असं वाटेल. पाहिलेलंच असतं! कालव्याच्या आणि नाल्याच्या काठाला माजलेली बेशरम आठवा. ती रताळ्याची सख्खी नातलग, आयपोमिया याच वंशातली. कुंपणावरची नाजूक लाल फुलांची गणेशवेलही त्याच घरातली. पण नातं आहे म्हणून बेशरमीचं पान तोंडात घालू नका. ते विषारी आहे, शेळ्यासुद्धा ते सतत खाऊन आजारी पडतात. रताळ्याच्या कोवळ्या पानांची मात्र भाजी होते.

बेशरम काय, रताळं काय, दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. रताळं आपल्याकडे आणलं पोर्तुगिजांनी. म्हणजे आपल्या उपासाच्या ताटातला हा पाहुणा काही शतकांपूर्वीचाच. पण युरोपची जहाजं पोचण्याच्या कितीतरी आधी ते पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर गेलेलं होतं. होडीतून माणसांनी नेलं, की बी समुद्रावर तरंगत गेलं, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला होडीवाल्यांचं म्हणणं जास्त पटतं.

त्याहून चकित करणारी गोष्ट २०१५ साली कळली. मातीत अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू असतात. ते आपली काही जनुकं झाडाच्या पेशीत घुसवतात. आज प्रयोगशाळेत झाडांची जनुकं बदलायला शास्त्रज्ञ हाच जिवाणू वापरतात. रताळ्याच्या २९१ वाणांची तपासणी केली, तर प्रत्येकात या जिवाणूची जनुकं सापडली! प्रयोगशाळा नव्हती, शास्त्रज्ञ नव्हते, तेव्हाच मातीतल्या जिवाणूंनी हे काम करून ठेवलं होतं आणि माणसं तेच रताळं पिढ्यान्‌पिढ्या लावत, खात आली.

लावल्यापासून साधारण चार महिन्यांनी पानं पिवळी पडायला लागतात. तेव्हा पोतं आडवं करून माती हळूच मोकळी करा. कुदळ नको, साल फार नाजूक असते. एखाद्या रताळ्याला बारीक भोकं दिसली आणि आत काळपट बोगदे असले, तर तो सोंड्या भुंग्याचा उद्योग. ते कडू लागतं आणि खायचं नाही. बाकीची उबदार, हवेशीर जागी आठवडाभर ठेवा, म्हणजे खरचटलेली साल भरून येते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने रताळं आतून बिघडतं.

आणि लगेच चाखून "गोड नाही" म्हणून नाक मुरडू नका. ताज्या रताळ्यात पिठूळ स्टार्चच जास्त असतो. काही दिवस ठेवलं की त्यातल्या थोड्याची साखर होते. खरी करामत भाजताना होते. रताळं साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्यातलं अमायलेज हे विकर स्टार्चचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवतं. त्याहून फार तापलं की विकरच निकामी होतं. चुलीतल्या गरम राखेत रताळं हळूहळू तापतं, त्यामुळे विकराला पुरेसा वेळ मिळतो. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत ते शिजतं खरं, पण साखर व्हायच्या आधीच. एकाच वेलाची दोन रताळी घ्या, एक राखेत टाका, दुसरं मायक्रोवेव्हमध्ये. डोळे बांधून कुणाला तरी दोन्हींची चव बघायला लावा.