क्ष चार निघाले

व्हिब्रिओ हार्वेयी हा समुद्रातला जंतू गर्दीत असला की निळसर उजेड देतो, विरळ असला की विझलेला राहतो. आपण किती जण आहोत हे त्याला कळतं कसं, याचा उलगडा झालेला होता. प्रत्येक जंतू संदेशाचे रेणू बाहेर सोडतो. वस्ती वाढली की रेणू साठतात. घोडं अडलं होतं पुढच्या पायरीवर. विरळ वस्तीत लक्सओ नावाचं प्रथिन जागं असतं आणि तेव्हा उजेड बंद असतो. पण लक्सओची घडण तर जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाची! मग त्याच्यामुळे काही बंद कसं पडतं? एकच वाट उरत होती. लक्सओ आणखी कुणाला तरी चालू करतं, आणि तो कुणीतरी उजेड घालवतो. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बॉनी बॅसलर यांच्या प्रयोगशाळेने या कुणातरीचा माग काढायला घेतला. आपण त्याला क्ष म्हणू.

रीत सोपी, पण डोळे थकवणारी. लक्सओ कायम जागं राहील असा बदल केलेला, म्हणजे कायम काळोखा जंतू घ्यायचा. त्याच्या डीएनएमध्ये कुठेही जाऊन बसणारा एक उपरा तुकडा सोडायचा. तो ज्या जनुकात घुसेल ते मोडेल, आणि प्रत्येक जंतूत वेगळं मोडेल. मग अंधारात बसून वसाहतींच्या गर्दीतून उजळलेली तेवढी हेरायची. जिच्यातला क्ष मोडला, ती उजळणार.

उजळलेली वसाहत सापडली. तिच्यातलं मोडलेलं जनुक वाचलं, तर ते एचएफक्यू निघालं. हे प्रथिन १९६८ पासून शास्त्रज्ञांच्या ओळखीचं, ई. कोलायमध्ये सापडलेलं. ते काही लक्सओच्या हुकमाने चालू होणारं नव्हे. म्हणजे हा क्ष नव्हेच.

मला या शोधातली सगळ्यात देखणी जागा हीच वाटते. हवा तो मिळाला नाही, त्याचा जोडीदार मिळाला. आणि जोडीदाराच्या कामावरून हव्या त्याची जात कळली. कारण एचएफक्यूचं काम तोवर स्पष्ट होत आलं होतं: छोट्या आरएनएची संदेशवाहक आरएनएशी गाठ घालून देणं. छोटा आरएनए म्हणजे शंभरेक अक्षरांचा धागा. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. त्याची अक्षरं एखाद्या जनुकाच्या संदेशाशी जुळतात, तो संदेशाला चिकटतो, आणि मग संदेश वाचला जायच्या आधीच नष्ट होतो. जनुक जागच्या जागी शाबूत, पण त्याचा निरोप पोचतच नाही. इतके दिवस ज्याला प्रथिन समजून शोधलं, तो क्ष आरएनए असणार होता. एवढंसं जनुक उपऱ्या तुकड्याच्या तडाख्यात सापडणंही मुश्कील.

आता शोध कागदावर आला. हार्वेयीचा जीनोम तेव्हा वाचलेला नव्हता. पण त्याच कुळातल्या कॉलराच्या जंतूचा, व्हिब्रिओ कॉलरीचा, २००० साली प्रसिद्ध झाला होता. दोन गुणसूत्रं, सुमारे ४० लाख अक्षरं. लक्सओ त्याच्यातही होतंच. या कामात प्रयोगशाळेच्या जोडीला राहुल कुलकर्णी आणि नेड विनग्रीन हे भौतिकशास्त्रज्ञ होते. (आडनावापाशी मराठी वाचक क्षणभर थबकेलच.) अटी ठरल्या. जागा दोन जनुकांच्या मधली, ओसाड मानलेली हवी. सुरुवातीला लक्सओच्या साथीदार प्रथिनाची, सिग्मा-५४ची, बसायची खूण हवी. शेवटी आरएनए जिथे संपतो ती खूण हवी. शिवाय जवळच्या इतर व्हिब्रिओंमध्येही तो मजकूर जपलेला हवा.

अटींत बसणाऱ्या जागा चार निघाल्या.

चारांतला खरा कोणता? कॉलराच्या जंतूत हार्वेयीची उजेडाची जनुकं घातली, म्हणजे निकाल डोळ्यांना दिसेल, आणि एकेक आरएनए काढून पाहिला. काही फरक नाही. दोन काढले, तरी काळोख. तीन काढले, तरी तोच. सामाईक शेतावरच्या चार भावांतले तिघे गावाला गेले तरी चौथा पेरणी उरकून घेतो, तसा प्रकार. चौघे एकदम काढले, तेव्हा जंतू विरळ वस्तीतही लखलखला. एकेक जनुक मोडत बसणाऱ्याला क्ष का दिसला नसता, हे आता कळलं. २००४ साली 'सेल' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. चौघांचं नाव क्यूआरआर, १ ते ४.

कॉलरात हे चौघे ज्याचा निरोप दाबतात तो हॅपआर, रोगाच्या जनुकांना अटकाव करणारं प्रथिन. इथे गोष्ट छत्रपती संभाजीनगरातल्या नळापर्यंत येते. जायकवाडी धरणाचं पाणी शहरात काही दिवसांच्या खंडाने सुटत आलं आहे. मधल्या काळात जलवाहिनीत दाब नसतो, आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपू शकतं. जुलाब-उलट्यांच्या साथीला असं पाणी पुरतं, आणि कॉलराही याच वाटेने पोटात जातो. आतड्यात पोचतात तेव्हा जंतू विरळ असतात. क्यूआरआर भरपूर, म्हणून हॅपआर नाही. आणि हॅपआरचा अटकाव नाही म्हणून विष आणि आतड्याला चिकटायचे तंतू तयार होतात. गर्दी झाली की उलटं. क्यूआरआर थांबतात, हॅपआर येतो, विष बंद होतं, प्रथिनं कापणारं, जंतूला सुटं व्हायला मदत करणारं विकर बनतं, आणि तो भातपेजेसारख्या जुलाबातून बाहेर पडून पुढच्या पाण्यात जातो. बरेच रोगजंतू संख्या जमेपर्यंत दबा धरून बसतात. हा संख्या थोडी असतानाच हल्ला करतो आणि संख्या जमली की निघतो.

एकाने भागत असताना चार कशाला, हा प्रश्न मात्र राहिलाच होता. २००९ मध्ये बॅसलर यांच्याच प्रयोगशाळेतल्या सीने स्वेनिंगसेन आणि सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर दिलं. क्यूआरआर लक्सओचाही निरोप दाबतात, आणि हॅपआर उलट क्यूआरआरचं उत्पादन वाढवतो. त्यामुळे एखादा क्यूआरआर गेला की लक्सओवरचा दाब सैल होतो, हॅपआरही वाढतो, आणि उरलेले आपोआप जास्त बनतात. हार्वेयीत मात्र क्यूआरआर पाच आहेत, आणि तिथे एकाची उणीव दुसरा भरून काढत नाही; प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजला जातो.