हळद, सदाफुली आणि प्रयोगशाळेतली बशी



महिन्या-दोन महिन्यांतून एकदा तरी आपल्या प्रत्येकाच्या फोनवर तो निरोप येऊन पडतोच. अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी ४८ तासांत मरतात, शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, औषध कंपन्या तुम्हाला सांगणार नाहीत, दहा जणांना पाठवा. कधी ती वनस्पती हळद असते, कधी गुळवेल, कधी लक्ष्मणफळ. एरवी आपण हसून सोडून देतो. पण घरातच कुणाला हा आजार निघाला की त्याच निरोपाकडे पाहण्याची नजर बदलते. भारतातून आत्या चूर्ण पाठवते, मावशी काढ्याची कृती सांगते, इंडियन ग्रोसरीच्या शेल्फवरून कर्क्युमिनच्या गोळ्यांची बाटली घरी येते. आणि इथल्या डॉक्टरांना यातले काहीच सांगितले जात नाही, कारण "ते हसतील."

गंमत म्हणजे या निरोपांमागचा प्रयोग बरेचदा खोटा नसतो. तो कुठेतरी खरोखर झालेला असतो आणि निकालही तसाच आलेला असतो. अडचण वेगळीच आहे. आम्ही पेशाने संगणकवाले, जीवशास्त्राशी संबंध बारावीनंतर सुटला. पण टेस्टिंग हे आमचे रोजचे पोटापाण्याचे काम. एखादी टेस्ट पास झाली म्हणजे नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न आम्हाला रोज पडतो. तोच प्रश्न घेऊन आम्ही या विषयाचे वाचन केले. शिवाय आपल्या रॅली-डरम भागाचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे. त्याकडे पुढे येऊच.

वनस्पतीच्या अर्काची पहिली चाचणी बहुधा अँटिऑक्सिडंट गुणाची असते, कारण ती स्वस्त आणि झटपट आहे. डीपीपीएच नावाचे एक रसायन असते. त्याचे मेथॅनॉलमधले द्रावण गडद जांभळे दिसते. अर्कात अँटिऑक्सिडंट पदार्थ असतील तर ते या रसायनाला हायड्रोजन देऊन टाकतात आणि जांभळा रंग उतरून पिवळा होतो. अर्धा तास अंधारात ठेवायचे, मग ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंग किती उतरला ते यंत्राने मोजायचे, आणि शेजारी क जीवनसत्त्वाची तुलना ठेवायची. ही पद्धत १९५८ साली ब्लॉइस यांनी मांडली आणि आजही जगभरातल्या कॉलेजांत एम.एस्सी.चे विद्यार्थी तिच्यावर प्रकल्प करतात.

पण या चाचणीत पास कोण होते? चहा, कॉफी, आवळा, लवंग, डाळिंबाची साल, रेड वाइन, झाडून सगळे. टॅनिन असलेले जवळजवळ काहीही पास होते. ज्या परीक्षेत वर्गातली सगळी मुले पहिल्या वर्गात येतात, त्या परीक्षेच्या निकालावरून पेढे वाटायचे कशाला? शिवाय ही सगळी क्रिया परीक्षानळीतल्या मेथॅनॉलमध्ये घडते. तिथे पोट नाही, आतडे नाही, यकृत नाही. कुठल्या पदार्थात किती अँटिऑक्सिडंट आहे याची एक मोठी यादी (वेगळ्या पण याच जातीच्या चाचणीवर आधारलेली) अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. ती २०१२ साली खात्याने स्वतःच काढून टाकली. त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दिसत नव्हता, आणि पूरक गोळ्या विकणारे मात्र ते जाहिरातीत वापरत होते.

दुसरी चाचणी पेशींवरची. कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात. त्यांतल्या सगळ्यांत प्रसिद्ध हेला पेशी १९५१ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून, त्यांना न विचारता, घेतल्या होत्या आणि त्या आजही जगभर वाढत आहेत. अशा पेशी ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत पसरायच्या (इडलीपात्र डोळ्यांसमोर आणा, फक्त खळगे करंगळीच्या टोकाएवढे), त्यांत अर्काची वेगवेगळी मात्रा घालायची, आणि एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचे पिवळे रसायन टाकायचे. जिवंत पेशी त्याचे जांभळे करतात, मेलेल्या करत नाहीत. म्हणजे पहिल्या चाचणीत जांभळ्याचे पिवळे, इथे पिवळ्याचे जांभळे. जांभळा रंग जितका कमी, तितक्या पेशी कमी उरल्या. रंग निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे आयसी-५०. हा आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात आणि मीठ जास्त झाले तरी मरतात. त्यामुळे शेजारच्या ताटलीत निरोगी पेशी ठेवून त्या वाचल्या का, हे पाहिल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. बऱ्याच छोट्या अभ्यासांत ही दुसरी ताटलीच नसते. दोन, काही वनस्पतींचे अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळे करतात, म्हणजे चाचणीच फसते. तिसरी गोष्ट मात्रेची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. तिच्यासाठी हळदीचेच उदाहरण घेऊ.

हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. बशीतल्या प्रयोगांत ते बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर या मात्रेत वापरतात आणि तिथे पेशी मरताना दिसतात. आता ते तोंडाने घेतले तर रक्तात किती पोचते? तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिले होते. रक्तातली सर्वाधिक सरासरी पातळी आली १.७७ मायक्रोमोलर, आणि तीही काही तासांपुरती. ८ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे हिशेब केला तर पाव किलोहून जास्त हळद, रोज! एवढे करून बशीतल्या खालच्या मात्रेच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतही आपण पोचत नाही. आतडे आणि यकृत मिळून त्याचा बहुतेक भाग निकामी करून बाहेर काढून टाकतात.

त्यातून कर्क्युमिन स्वतः पिवळे, स्वतः चमकणारे, चटकन विघटन पावणारे आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारे. त्यामुळे अनेक चाचण्यांत ते काम करत नसतानाही करते आहे असे भासते. २०१७ साली औषध-रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात या सगळ्याचा आढावा आला. १२० हून अधिक क्लिनिकल चाचण्या होऊनही, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही खरी गोळी कुठली ते ठाऊक नाही अशा कसोशीच्या चाचणीत कर्क्युमिन यशस्वी झालेले नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. आमटीतली हळद यामुळे वाईट ठरत नाही. ती शेकडो वर्षे आहे तशी राहू द्यावी, तिच्यावर केमोथेरपीची जबाबदारी टाकू नये इतकेच.

मग वनस्पतींतून खरे औषध कधी निघतच नाही का? निघते, आणि इथेच आपला परिसर येतो. आपल्यापैकी कितीतरी जण रोज आय-४० वरून ज्या रिसर्च ट्रँगल पार्कात नोकरीला जातात, तिथल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी हे दोन रसायनशास्त्रज्ञ काम करत. वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, आपल्या नंदुरबारचा. शिक्षण मुंबई विद्यापीठात, पीएच.डी. इंडियाना विद्यापीठात, आणि १९६२ पासून ते इथे. २०२० साली, पंचाण्णवाव्या वर्षी, ते गेले. या दोघांनी मिळून एक नव्हे, दोन औषधांचे मूळ रेणू शोधले.

पहिला कॅम्पटोथेसिन, चीनमधल्या एका झाडातला, १९६६ साली जाहीर झालेला. दुसरा टॅक्सॉल. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८१ या काळात सुमारे १,१४,००० वनस्पती-अर्क तपासले. त्यासाठी आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. १९६४ साली तिच्या अर्काने बशीतल्या पेशी मारल्या. म्हणजे आपल्या फोनवर जो निरोप येतो, त्या टप्प्यावर टॅक्सॉल १९६४ साली होता.

पुढची पद्धत आम्हा संगणकवाल्यांना ओळखीची वाटेल. अर्कात शेकडो पदार्थ. त्याचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पुन्हा तपासायचा, ज्यात गुण दिसेल तो ठेवायचा, बाकीचे फेकायचे, उरलेल्याचे परत भाग. थोडक्यात बायनरी सर्च, फक्त एकेका फेरीला आठवडे लागतात. १२ किलो वाळलेल्या सालीतून शेवटी अर्धा ग्रॅम टॅक्सॉल हाती आले. रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. ते पेशीत नेमके काय करते (पेशी दोन होताना जो सांगाडा उभा राहतो आणि मग मोडला जातो, तो मोडूच देत नाही) हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ साली दाखवले. माणसांवरच्या चाचण्या ऐंशीच्या दशकात सुरू झाल्या आणि बीजकोशाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली डिसेंबर १९९२ मध्ये. बशीपासून दवाखान्यापर्यंत २८ वर्षे.

कॅम्पटोथेसिनची वाट तर आणखी वाकडी. सत्तरच्या दशकात ते रुग्णांना दिले तेव्हा मूत्राशयाला इतका त्रास झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच रेणूत बदल करून तयार केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे १९९६ साली इथे मंजूर झाली. हाच रेणू सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असल्याचे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले. परिणाम असा की परदेशच्या मागणीपायी पश्चिम घाटात नरक्याची बेसुमार तोड झाली.

आणि आपली सदाफुली! आजोळच्या अंगणात, तुळशीच्या बाजूला असायची तीच. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. म्हणून कॅनडातले रॉबर्ट नोबल ती तपासत होते. उंदरांची साखर काही कमी झाली नाही, पण त्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ साली त्यातून व्हिनब्लास्टीन वेगळे केले. तिच्यातलेच व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली मंजूर झाले आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. पण हे ऐकून कोणी सदाफुलीची पाने चावू लागेल तर घात होईल. व्हिन्क्रिस्टीन शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, कारण मात्रा थोडी चुकली तरी नसांना इजा होते. पानात किती आहे ते कोण मोजणार?

अँटिऑक्सिडंट गोळ्यांबद्दल तर मोठमोठ्या चाचण्यांचे निकाल उपलब्ध आहेत, आणि ते उलटे आहेत. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला की बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. ३५ हजारांवर पुरुषांच्या आणखी एका चाचणीत इ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला, हा निकाल २०११ चा. गाजर खाऊन कोणाला काही झाले नाही. गोळीतली मात्रा ही वेगळीच गोष्ट आहे.

आता ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत त्यांच्यासाठी. २००२ साली आपल्या शेजारच्या चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की कर्क्युमिनमुळे स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर कॅम्पटोथेसिनसह काही केमो औषधांचा परिणाम कमी होतो, उंदरांतही तसेच दिसले. हाही प्रयोग बशीतला आणि उंदरांतला आहे, तेव्हा वरचाच न्याय यालाही लावायचा; माणसात असेच होते असे यावरून म्हणता येत नाही. पण सेंट जॉन्स वर्ट ही इथे कुठल्याही फार्मसीत मिळणारी वनस्पती इरिनोटेकॅनबरोबर घेतली तर औषधाच्या क्रियाशील रूपाची रक्तातली पातळी ४२ टक्क्यांनी घसरली, हे २००२ साली प्रत्यक्ष रुग्णांत मोजलेले आहे. रुग्ण पाचच होते, पण पाचही माणसे होती. म्हणजे सलाइनमधून हजारो डॉलरचे औषध जाते आहे आणि घरची "निरुपद्रवी" गोळी ते निम्मे वाया घालवते आहे.

हळदीच्या गोळ्यांत मिरीचा पिपरिन टाकतात, कारण त्याने कर्क्युमिनचे शोषण वाढते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली ही वाढ वीसपट मोजली होती. शोषण वाढते तसा धोकाही वाढू शकतो. २०२२ साली अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या गटाने हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतला एक दगावला, आणि काहींच्या गोळ्यांत पिपरिन सापडला.

म्हणून ऑन्कॉलॉजिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, चूर्णे एका पिशवीत घालून न्या. मराठी लेबल असेल तर घटकांची नावे इंग्रजीत लिहून न्या, जमल्यास वनस्पतीच्या लॅटिन नावासह. आई-बाबा भारतात असतील तर फोनवर "काय काय घेता?" एवढे विचारून भागत नाही, कारण काढा हे औषध आहे असे त्यांना वाटतच नाही, "सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जाते?" असे विचारा आणि डब्यांचे फोटो मागवा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाचे "अबाउट हर्ब्ज" नावाचे मोफत संकेतस्थळ आहे, तिथे हळद, अश्वगंधा, गुळवेल यांची कुठल्या औषधांशी गाठ पडते ते पाहता येते. डॉक्टर घाईत असतील तर त्यांच्याकडच्या फार्मासिस्टला भेटण्याची वेळ मागा. मोठ्या कॅन्सर सेंटरांत ऑन्कॉलॉजीचे स्वतंत्र फार्मासिस्ट असतात, आणि पिशवीतल्या गोष्टी एकेक करून तपासणे हे त्यांचे कामच आहे.