घास अडतो तेव्हा

आमची आत्या लग्नाच्या पंगतीला बसेनाशी झाली. विचारले की म्हणायची, "उपास आहे रे." मागे सुट्टीत भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तर ती दाराआड एकटी जेवताना दिसली. ज्वारीच्या भाकरीचा एक घास, त्यावर तांब्याभर पाणी, मग उभी राहून छाती ताणायची. रात्री आडवी झाली की खाल्लेले तोंडात परत येई, उशी ओली होई. अंगातली चोळी पार सैल पडली होती.

दोन वर्षे ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. एका डॉक्टरांनी तर "मनाचे आहे" म्हणून झोपेची गोळी दिली. शेजारणींनी दृष्ट काढली. त्यांच्यावर माझा राग नाही. पण औषध देणाऱ्यांपैकी कुणीच एक साधा प्रश्न का विचारू नये? तो शेवटी बिदरच्या एका डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारला, "नीरू नुंगलिक्के आगल्ला?" म्हणजे पाणीसुद्धा गिळता येत नाही का? येत नव्हते. अन्ननलिकेत गाठ असली तर बहुधा आधी भाकरी अडते, मग भात, पाणी शेवटी. आत्याला पहिल्यापासून दोन्ही अडत होते.

या आजाराचे नाव अकॅलेशिया. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचे कडे असते. घास आला की ते सैल पडते. त्याला सैल करणारे मज्जातंतू झिजले की कडे आवळलेलेच राहते, आणि वरची नळीही घास पुढे ढकलेनाशी होते. तंतू का झिजतात, हे नक्की कळलेले नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटत असावी, असा अंदाज आहे. वर्षाला लाखात एखाद्यालाच हा आजार होतो, म्हणून चटकन कुणाच्या ध्यानातही येत नाही. तिखटाने मात्र तो होत नाही. आत्याला सगळ्यांनी तिच्या ठेच्यावरून बोल लावले होते.

कर्करोग नाही ना, हे पाहायला आधी दुर्बिणीची तपासणी झाली. मग बेरियम पाजून एक्स-रे काढला. वर फुगलेली, खाली निमुळती नळी. डॉक्टर त्याला पक्ष्याची चोच म्हणतात, मला तो मुळा वाटला. नळीतला दाब मोजणाऱ्या मॅनोमेट्रीसाठी झहीराबादमार्गे हैदराबाद गाठले.

झिजलेले तंतू परत येत नाहीत. उपचार म्हणजे दार मोकळे करणे, एवढेच. 1674 साली इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून एका रुग्णाचा घास खाली ढकलायची सोय केली होती! आता फुगा फुगवून कडे ताणतात. त्यात नळी फाटण्याचा थोडा धोका असतो. नाहीतर स्नायू कापतात. ही शस्त्रक्रिया जर्मनीच्या हेलर यांनी 1913 मध्ये पहिल्यांदा केली. आज ती दुर्बिणीने होते. अशक्त, वृद्ध रुग्णांना बोटॉक्सचे इंजेक्शन देतात, पण त्याचा गुण काही महिनेच टिकतो. जपानचे डॉ. इनोए यांनी 2008 मध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून आतूनच स्नायू कापायला सुरुवात केली. तिचे नाव 'पोएम'. मराठीच्या प्राध्यापकाला हे नाव ऐकून हसू आवरेना, त्याही प्रसंगी.

आत्याची पोएमच झाली. दार उघडल्यावर पोटातले आम्ल वर येऊ लागले, हा त्या उपचाराचा नेहमीचा त्रास. त्यामुळे आता ती रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेते. या वेळी ती खरोखरच ॲसिडिटीसाठी आहे.